तटिनीदींचा कॅमेरा

मित्रांनो, या काचेच्या पेटीत, लाकडी तिपाईवर, रंगाचे पोपडे उडालेला तीन भिंगांचा जो काळा सिनेमा-कॅमेरा तुम्ही पाहता आहात, तो मी. पेटीला पितळी पाटी आहे. तिच्यावर माझं साल आणि ‘तटिनी सोम यांचा कॅमेरा’ एवढंच कोरलेलं आहे. ते खरं आहे, पण फार थोडं आहे. उरलेलं मीच सांगतो.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. लढाईच्या बातम्या टिपण्यासाठी मला घडवलं होतं, म्हणून माझं अंग मजबूत आणि आकार हातात मावेल असा. माझ्या पहिल्या मालकांनी माझ्यातून धूर, तोफा आणि सलाम ठोकणारी माणसं पाहिली. महायुद्धात हातोहात फिरत मी कोलकात्याला कसा पोहोचलो, ते मला नीट सांगता येणार नाही, कारण प्रवासभर मी पेटीत बंद होतो. पेटी उघडली तेव्हा मी धर्मतल्ल्याच्या एका दुकानात, अराथून साहेबांच्या टेबलावर होतो.

अराथून साहेब आर्मेनियन. तीन पिढ्या कोलकात्यातच वाढलेले. ते टॉलीगंजच्या स्टुडिओंना कॅमेरे भाड्यानं देत. मला मात्र कुणी नेत नसे. चालू झालो की मी घरघर करायचो आणि माझा आवाज नटांच्या बोलण्यात मिसळायचा. दुकानात माझं नावच पडलं होतं ‘दमेकरी’. बाकीचे कॅमेरे सकाळी बाहेर पडत, संध्याकाळी मेकअपचा वास घेऊन परत येत. मी फळीवर बसून त्यांच्याकडे पाहत असे.

एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, एक सावळी, उंच बाई दुकानात आली. साडीच्या काठाला खडूची पूड लागलेली होती. ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. नाव तटिनी सोम. तिची ‘अर्धं गाव’ नावाची कादंबरी आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. गंगेनं कुरतडून खाल्लेल्या एका गावाची, आणि त्या गावातल्या एका आजीची नि नातीची ती गोष्ट. दोन निर्माते ती विकत घ्यायला आले होते. एकाला त्यात जमीनदाराचा देखणा मुलगा हवा होता आणि दुसऱ्याला होडीतलं गाणं. दोघांनाही चहा पाजून तिनं वाटेला लावलं होतं. आता ती स्वतःच चित्रपट काढणार होती.

“बाई, करारावर सही कोण करणार?” अराथून साहेबांनी विचारलं. “तुमचे यजमान कुठं आहेत?”

“यजमान नाहीत. वर्गातल्या सगळ्या मुलींच्या प्रगतिपुस्तकांवर मी सही करते. तुमच्या कागदावर नाही का जमणार?”

साहेब हसले. मग फळीकडे बोट दाखवून म्हणाले, “या दमेकऱ्याला न्या. मोडला तर रडणार नाही मी.”

तिच्यासोबत एक ठेंगणा, दाढीवाला माणूस होता. रजब अली, सगळ्यांचा रजबदा. मेटियाब्रूजच्या शिंप्याचा मुलगा. स्टुडिओत त्यानं कितीतरी वर्षं ट्रॉली ढकलली होती, रिळं भरली होती, पण कॅमेऱ्याला डोळा लावायची परवानगी त्याला कुणी दिली नव्हती. त्यानं मला उचललं, झाकण उघडलं, आणि डॉक्टर छातीला कान लावतात तसा माझ्या कुशीला कान लावला.

“खोकतो खरा,” तो म्हणाला, “पण छाती दणकट आहे, दीदी. ह्याला गोधडीत गुंडाळू. माझी बायको आजारी माणसाला तसंच करते.”

आणि खरंच, पुढच्या सगळ्या कामात रजबदांच्या बायकोनं शिवलेली फुलाफुलांची गोधडी माझ्या अंगावर असे. फक्त डोळा तेवढा बाहेर.

आम्ही काशखालीला गेलो. मालदा जिल्ह्यातलं हे गाव गंगेच्या अगदी काठावर. तटिनीदींचे वडील कधीकाळी तिथं पोस्टमास्तर होते. नदीनं आधी पोस्ट नेलं, मग त्यांचं घर नेलं, आणि मग ते कुटुंब कोलकात्याला आलं. कादंबरीतलं गाव म्हणजे हेच. आता त्यातलं अर्धंच शिल्लक होतं. विहीर, देऊळ, आठवडी हाट भरायची जागा, सगळं पाण्याखाली. लोक पाण्याकडे बोट दाखवून सांगत, “ते तिथं, होडी दिसतेय ना, तिथं आमचं चिंचेचं झाड.”

आजीच्या भूमिकेसाठी कोलकात्याहून एक नामांकित नटी आली होती. बांधावर बसून ती फार सुंदर रडली. पण बघ्यांच्या गर्दीतून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “अगं बाई, हिची दाढ दुखतेय का?”

सगळे हसले. नटी रागावली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. तटिनीदी त्या म्हातारीच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. तिचं नाव खिरोदा मंडल. सारं गाव तिला ठाकूमा, म्हणजे आजी, म्हणे. परसाच्या टोकापासून नदी हाकेच्या अंतरावर होती.

“ठाकूमा, माझी नटी तुम्ही पळवून लावलीत,” तटिनीदी म्हणाल्या. “आता तुम्ही रडून दाखवा.”

“मी कशाला रडू? मला भात टाकायचाय.”

“बरं, मग भात टाका.”

ठाकूमा वाकली, तांदूळ धुतले, चुलीत फुंकर घातली, धुरानं डोळे चोळले आणि नदीकडे एकदाच, शेजारणीच्या द्वाड म्हशीकडे पाहावं तसं पाहिलं. रजबदांनी कुणालाही न विचारता मला चालू केलं होतं. त्या दिवसापासून चित्रपटातली आजी तीच झाली. तिला संवाद पाठ करायचा कंटाळा. “तू काय म्हणायचं ते सांग, मी माझ्या तोंडानं म्हणते,” असं ती सांगायची. तटिनीदी म्हणजे शब्दांवर जगणारं माणूस, पण त्यांनी ते मान्य केलं.

आता मी तुम्हांला त्या दुपारची गोष्ट सांगतो, जिच्यामुळे मी आज या पेटीत आहे.

चित्रपटात घर नदीत पडताना दाखवायचं होतं. काठावर एक रिकामं घर होतं, माणसं सोडून गेलेलं. ते आज ना उद्या जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही वाट पाहत होतो. मला उंचवट्यावर तिपाईवर पक्कं बसवलं होतं, पोटात नवं रीळ होतं, मोटारीला बॅटरी जोडलेली होती. उन्हाळ्याचे दिवस, पाणी खाली गेलेलं. पण काठ त्याच वेळी आतून पोखरलेला असतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत.

त्या दुपारी रिकामं घर जागचं हललं नाही. भेग पडली ती ठाकूमाच्या घरामागे. माझं भिंग तिकडेच होतं, कारण ठाकूमाच्या अंगणातलं एक दृश्य घ्यायचं होतं. रजबदांनी नुकतंच मला चालू केलं होतं. भेग दिसताच घराची माणसं सामान उचलून बांधावर गेली होती. ठाकूमाही गेली असेल असं सगळ्यांना वाटलं. आणि मग दारात ती दिसली. हातात शेणाचं पोतेरं. ती उंबरा सारवत होती.

“ठाकूमा, बाहेर या!” कुणीतरी ओरडलं.

“थांबा रे! गंगामाई घरी येतेय, आणि मी पारोसा उंबरा दाखवू होय तिला?”

तिच्या मागे, परसातल्या केळीच्या खुंटांमधून, भेग रुंदावत होती. मला ती दिसत होती. रजबदांनाही दिसत होती. मित्रांनो, ज्या चित्रासाठी आम्ही इतके दिवस उन्हात वाळलो होतो, ते चित्र समोर आपल्या पायांनी चालत आलं होतं. प्रकाश सुरेख होता.

“दीदी,” रजबदा डोळा न काढता म्हणाले, “चालू ठेवू?”

तटिनीदी माझ्या समोरून, चित्राच्या मधून, पदर खोचून धावत सुटल्या होत्या. रजबदांनी “या अल्ला!” म्हटलं आणि तेही धावले. मला बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

मी एकटाच पाहत राहिलो. तटिनीदींनी ठाकूमाचा एक दंड धरला, रजबदांनी दुसरा. ठाकूमानं ओल्या पोतेऱ्यानं रजबदांच्या तोंडावर फटका मारला. “सोड मेल्या! एवढा कोपरा राहिलाय!” दोघांनी तिला जवळजवळ उचलून ओढलं. तिघं अंगणाच्या मधोमध आपटली, उठली, पुन्हा पडली. त्यांच्या मागे घर आधी थोडं मागे रेललं, जेवण झाल्यावर माणूस भिंतीला टेकतो तसं. मग छप्पर वाकलं. मग सगळंच गेलं. आवाज नंतर आला. धूळ उठली, खाली बसली, आणि जिथं घर होतं तिथं आकाश दिसू लागलं. अर्धं अंगण आणि तीन माणसं. ठाकूमाच्या हातात पोतेरं तसंच होतं. तिनं ते फक्त नीट पिळलं आणि कमरेला खोचलं. मग पुष्कळ वेळ नुसतं पाणी. आणि मग माझं रीळ संपलं.

कोलकात्यात धुऊन आलेलं ते रीळ पाहिलं तेव्हा खोलीत कुणी हललं नाही, असं रजबदांनी मला नंतर पुसता पुसता सांगितलं. संकलकबाबू म्हणाले, “तटिनी, अख्खा चित्रपट एका बाजूला आणि हे एका बाजूला.” तटिनीदी मात्र तयार नव्हत्या.

“मी आणि रजबदा चित्रात दिसतोय. आम्ही कोण? गोष्टीत आम्ही नाहीच.”

“गावातली माणसं समजतील तुम्हांला. तोंड कुठं दिसतंय? चिखलच आहे.”

“आणि ते घर खरं गेलंय, बाबू. कुणाचं तरी खरं घर मी तिकीट लावून दाखवू?”

वाद मिटला नाही. शेवटचं दृश्य अजून घ्यायचं होतं, म्हणून आम्ही काशखालीला परत गेलो. ठाकूमाचं कुटुंब बांधावर पत्र्याच्या छपराखाली राहत होतं. तटिनीदी तिच्यासमोर बसल्या. पितळीत चुरमुरे, मोहरीचं तेल आणि हिरवी मिरची होती, पण त्यांनी हात लावला नाही. सगळं सांगितलं. “तुम्ही नाही म्हणालात तर मी ते जाळून टाकीन,” असंही सांगितलं.

ठाकूमानं ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्यात माझं घर पडायच्या आधी उभं दिसतं का गं?”

“दिसतं. दार, उंबरा, तुम्ही सारवताय, सगळं दिसतं.”

“मग ठेव की. नदीनं एकदाच पाडलं, तू रोज पाडशील. पण म्हणजे रोज आधी उभंही राहील ना?” आणि चुरमुऱ्यांची पितळी पुढे सरकवून म्हणाली, “खा आता. कोलकात्याच्या माणसांना उगाच फार विचार करायची सवय.”

‘अर्धं गाव’ पडद्यावर आला तेव्हा पहिल्या आठवड्यात थिएटरमध्ये माणसांपेक्षा पंखेच जास्त होते. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, ‘मास्तरीणबाईंनी भूगोलाचा तास घेतला आहे.’ तटिनीदींनी ते कात्रण स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यावर चिकटवलं. पण दुसऱ्या आठवड्यात पूर्व बंगालहून घरंदारं सोडून आलेली माणसं येऊ लागली. ती माणसं एकदा पाहून जात आणि दुसऱ्या दिवशी आईवडिलांना घेऊन येत. मग चित्रपट परदेशी गेला, तिथल्या महोत्सवात त्याला मान मिळाला, आणि छायाचित्रणाचं बक्षीस रजबदांना जाहीर झालं. पत्रकार रजबदांच्या घरी आले. “ते घर पडण्याचं दृश्य तुम्ही कसं घेतलंत?”

“मी घेतलंच नाही,” रजबदा म्हणाले. “मी त्या वेळी पोतेऱ्याचा मार खात होतो. बक्षीस या दमेकऱ्याला द्या.”

पत्रकारांना तो विनय वाटला. पण ते अगदी सरळ खरं होतं. त्या दिवशी रजबदांनी माझ्या पेटीला चमेलीचा हार घातला. माझ्या आयुष्यातला तो पहिला आणि शेवटचा हार.

त्यानंतरची वीस वर्षं भराभर गेली. तटिनीदींनी शाळा सोडली नाही, सुट्ट्यांमध्ये चित्रपट काढले. ताग गिरणीतल्या एका विधवेचा चित्रपट काढला, तेव्हा गिरणीच्या धडधडाटात माझी घरघर पहिल्यांदाच कुणाला ऐकू आली नाही. जात्रेत, म्हणजे बंगाली लोकनाट्यात, बायकांची कामं करणाऱ्या म्हाताऱ्या नटाचा काढला. त्यासाठी त्यांना राष्ट्रपतींच्या हातून पदक मिळालं. लहान मुलांसाठी, चंद्रावर शाळा काढायला निघालेल्या एका तऱ्हेवाईक हेडमास्तरांचा काढला, आणि तो पाहायला कोलकात्याची अर्धी पोरं शाळा बुडवून गेली. मधल्या काळात कादंबऱ्या, आणि दुर्गापूजेच्या विशेषांकांत मुलांच्या गोष्टी. त्या पहाटे लिहीत, स्वयंपाकघरात उभ्यानं, ओट्यावर कागद ठेवून. लोक विचारत, “तुम्ही खऱ्या कोण, लेखिका की दिग्दर्शिका?” तर म्हणत, “ज्या दिवशी रजबदा भेटतो त्या दिवशी दिग्दर्शिका. एरवी लेखिकाच बरी. कागद खोकत नाही.”

मग रंगीत चित्रपट आले. आवाज न करणारे, गुळगुळीत नवे कॅमेरे आले. अराथून साहेब दुकान बंद करून मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हा त्यांनी मला कायमचं तटिनीदींना देऊन टाकलं. भवानीपूरच्या त्यांच्या घरात, पुस्तकांच्या कपाटावर, जुन्या सुती साडीखाली मी राहू लागलो.

सुरुवातीला रजबदा दर रविवारी यायचे. भिंगं पुसायचे, दात्यांना थेंबभर तेल द्यायचे, मोटार मिनिटभर फिरवायचे. “खोक रे, खोक,” म्हणायचे. मग त्यांचे हात थरथरू लागले. त्यांनी येणं थांबवलं नाही, पण माझ्याऐवजी चहाचा कप धरू लागले, तोही दोन्ही हातांनी. माझ्या मधल्या भिंगावर बुरशीची नक्षी उमटली. कोलकात्याची हवा दमट. तिथं आठवणीनं न पुसलेली कोणतीही वस्तू टिकत नाही. मला राग नव्हता. पण अंधारात बसून मी जुनी चित्रं आठवत असे, आणि मनाशी म्हणत असे, मी नाही चाललो तरी काय झालं, चित्रं तर आहेत.

इथंच माझी चूक होती.

तटिनीदींची नजर काचबिंदूनं हळूहळू गेली. शेवटचा चित्रपट अर्धाच राहिला. त्या आता सांगत आणि त्यांची भाची शर्वरी लिहून घेई. अशाच एका दिवशी शर्वरी बाहेरून एक गंजका, चपटा, गोल डबा घेऊन आली. ज्या प्रयोगशाळेत चित्रपटांच्या मूळ फिल्म ठेवलेल्या होत्या ती केव्हाच बंद पडली होती. डबे एका पत्र्याच्या गोदामात, कागदाच्या रद्दीबरोबर रचलेले होते. शर्वरीनं ते शोधून काढले होते. टेबलावर ठेवून तिनं डब्याचं झाकण उचकटलं.

खोलीत व्हिनेगरसारखा आंबूस वास पसरला.

“कसला वास गं?” तटिनीदींनी विचारलं. मग त्याच म्हणाल्या, “इकडे दे.”

त्यांनी डब्यात बोटं घातली. फिल्मचे वेढे एकमेकांना चिकटून गुळाच्या ढेपेसारखे झाले होते. त्यांनी नखानं एक पदर सुटतो का पाहिलं. तुकडा मोडून हातात आला.

“कोणता?”

“‘अर्धं गाव’, मासी.”

“बाकीचे डबे?”

“असेच.”

बराच वेळ त्यांची बोटं डब्यातच होती. मग त्या म्हणाल्या, “नदीनं ठाकूमाचं घर नेलं ते एका दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. हे आम्ही नेलं. वर्षानुवर्षं, नीट झाकण लावून.”

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. पण त्या दिवशी कपाटावर मला बसवेना.

शर्वरी मात्र हट्टी होती. तिनं जगभरच्या चित्रपट-संग्रहांना पत्रं लिहिली. दोन वर्षांनी युरोपातल्या एका थंड देशातून उत्तर आलं. त्या जुन्या महोत्सवाच्या वेळी तिकडे गेलेली एक प्रत त्यांच्या तळघरात होती. ओरखडे होते, खाली परक्या भाषेतल्या ओळी होत्या, पण चित्र शाबूत होतं. फक्त शेवटचं रीळ नव्हतं. कधी हरवलं, कुणालाच माहीत नव्हतं. तिथं कुणाला काही आठवतं का ते पाहायला शर्वरी स्वतः काशखालीला जाऊन आली. ठाकूमा कधीच गेली होती, आणि तो बांधही.

ती प्रत कोलकात्याला आली. भवानीपूरच्या एका जुन्या थिएटरात खेळ ठरला. मला कपाटावरून उतरवलं, पुसलं, आणि रंगमंचाच्या कडेला तिपाईवर उभं केलं, लोकांनी पाहावं म्हणून. त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतः ऐकलं आणि पाहिलं.

सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत तटिनीदी, पांढरी साडी, काळा चष्मा. शेजारी रजबदा, काठी गुडघ्यांत धरून. दिवे गेले. रजबदा त्यांच्या कानाशी वाकून सांगू लागले.

“नदी. सकाळची. डावीकडून होडी येतेय.”

“मला माहीतेय डावीकडून येतेय. मीच आणली होती.”

“बरं बाई. आता ठाकूमा तांदूळ धुतेय.”

“धूर दिसतोय का?”

“दिसतोय. सुंदर दिसतोय, दीदी. आपण तरुण होतो तेव्हा धूरही चांगला होता.”

मागच्या रांगेतून कुणीतरी “शू!” केलं. मग बहुधा कुणीतरी त्याला सांगितलं असावं, ते कोण आहेत. पुन्हा कुणी “शू” केलं नाही. घर पडलं तेव्हा रजबदा काहीच बोलले नाहीत. तटिनीदींनीही विचारलं नाही.

शेवटचं रीळ जिथं सुरू व्हायचं, तिथं पडदा एकदम पांढरा झाला आणि मग काळा. शर्वरीनं आधीच ठरवलं होतं की इथं दिवे लावायचे आणि एक निवेदन वाचायचं. ती उठली. पण तिच्या आधी तटिनीदी उठल्या.

“दिवे लावू नका,” त्या म्हणाल्या. वर्गात बोलत असत त्याच आवाजात, ध्वनिक्षेपकाशिवाय. “पुढचं रीळ हरवलंय. मला पाठ आहे. बसा, सांगते.”

आणि अंधारात उभं राहून त्या सांगू लागल्या. आजी आणि नात होडीतून निघाली आहेत. गावाचा काठ मागे पडतो. नातीच्या मांडीवर कोंबडी आहे. मधोमध, जिथं आदल्या वर्षी खोल पाणी होतं, तिथं वाळूची नवी जमीन वर आली आहे. ओली, चकचकीत, कुणाच्याच मालकीची नसलेली.

“होडी टेकते. नात उडी मारते. मग बगळा उडतो.”

“आधी बगळा,” खालून रजबदा म्हणाले.

“नंतर, रजबदा.”

“आधी, दीदी! त्या बगळ्यापायी अख्खी सकाळ मी चिखलात उभा होतो. बगळा उडतो, आणि मग पोरगी उडी मारते.”

थिएटर हसलं. तटिनीदीही हसल्या. “बरं, आधी बगळा,” त्या म्हणाल्या, आणि पुढे बोलू लागल्या.

“नातीचे पाय ओल्या वाळूत उमटतात. त्या जमिनीवर माणसाचे पाय पहिल्यांदाच उमटताहेत. ती काठीनं वाळूवर रेघा मारते. ही भिंत, ही भिंत, ही चूल. मग विचारते, ‘ठाकूमा, दार कुणीकडं ठेवू?’ माझ्या कादंबरीत आजी इथं रडते. मी तसंच लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं. खिरोदा मंडलनं मला विचारलंही नाही. तिनं कमरेवर हात ठेवून नदीकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘नदीकडं ठेव. तिच्याकडं पाठ करून बसलो तर ती कधी आली ते कळायचं नाही.’ नात दाराची रेघ मारते. कॅमेरा मागे मागे जातो. दोन माणसं, एक कोंबडी, वाळूवर एक घर. मग पाणी. एवढंच. संपलं.”

त्या खाली बसल्या. रजबदांनी हात धरून बसवलं. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. माणसं अंधारातच बसून राहिली, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर अजून ते चाललं होतं.

प्रेक्षकांपैकी कुणीतरी तो आवाज ध्वनिमुद्रित केला होता. पुढे त्या प्रतीची दुरुस्ती झाली तेव्हा शर्वरीनं तो शेवटी जोडला. आज तुम्ही ‘अर्धं गाव’ पाहिलात तर शेवटी पडदा काळा होतो आणि तटिनीदी बोलू लागतात. रजबदांचा बगळाही त्यात आहे. त्याच हिवाळ्यात तटिनीदी गेल्या. रजबदा त्यांच्यामागून दोन वर्षांनी. तटिनीदींच्या बाकीच्या चित्रपटांपैकी निम्मे आता कुठंच नाहीत. कादंबऱ्या तेवढ्या आहेत, कारण कागद अनेकांच्या घरी होता.

मित्रांनो, मी जुनं यंत्र आहे. मला पुसलं नाही तर मी गंजतो, आणि माझ्यासारखा दुसरा कुठंतरी सापडतो. पण जे मी पाहिलं ते दुसऱ्या कुणी पाहिलेलं नसतं. तुमच्याही घरात, माळ्यावर, एखादा डबा असेल. फोटो असतील, कॅसेटी असतील, कुणाचा तरी आवाज असेल. नीट झाकून ठेवला आहे म्हणून तो सुरक्षित आहे असं समजू नका. झाकण उघडा, ऊन दाखवा, पुसा, एकाच्या दोन प्रती करा आणि एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. आणि ज्या माणसाला त्यातलं सगळं पाठ आहे, ते माणूस घरात असेल तर आज त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि त्याला आधीपासून सगळं सांगायला लावा.